द्रौपदी नावाचा शेवगा

त्या रविवारी अण्णांनी पायात चपला सरकवल्या, डोक्यावर टोपी चढवली आणि दारातूनच आरोळी ठोकली, "जातो गं!"

"येतो म्हणावं!" आई स्वयंपाकघरातून त्याहून मोठ्याने ओरडली.

"बरं बाई, येतो."

हा संवाद या घरात इतक्या वर्षांचा होता की शेजारच्या डिमेलोंचा पोपटसुद्धा "येतो म्हणावं" शिकला होता आणि त्यांच्याकडच्या पाहुण्यांना भलत्याच वेळी ऐकवायचा.

उंबऱ्यावर थांबून अण्णा लेकीकडे, जान्हवीकडे वळले. ती खिडकीजवळ पाय वर घेऊन वाचत बसली होती. पार्ल्याच्या कॉलेजच्या वाचनालयात आठवडाभर दुसऱ्यांची पुस्तकं सांभाळल्यावर रविवार तिचा स्वतःचा असे.

"येतेस? चक्कर मारून येऊ. आज एक गंमत दाखवायचीय."

"तुम्ही व्हा पुढे, अण्णा. मी बघते मागाहून."

मागाहून ती कधीच गेली नव्हती. अण्णांना ते ठाऊक होतं, तरी दर रविवारी विचारायचे, आणि नकार मिळाला की जणू होकारच मिळाल्यासारखे खुशीत जिना उतरायचे.

मरोळच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर चंद्रप्रकाश पेडणेकर घरी बसतील असं सगळ्यांना वाटलं होतं. ते शेजारच्या चर्चच्या मागे जाऊन बसले. तिथं तेव्हा मोडकी बाकं, फुटक्या लाद्या आणि माजलेलं रान होतं. अण्णांनी आधी एका झाडाला पाणी घातलं, मग दुसऱ्याला. मग फादर मॅक्सी खाली उतरून बघायला आले आणि स्वतःच पाइप धरून उभे राहिले. हिंदू माणूस चर्चची झाडं सांभाळतो याचं मरोळमध्ये कुणालाच नवल वाटलं नाही. फादर तर खुशाल सांगायचे, "रविवारच्या मासला येत नाही, पण हजेरी आमच्या सगळ्या मेंबरांपेक्षा जास्त." आता झाडांमधून चक्क पायवाट झाली होती, दोन्ही बाजूंना विटा लावलेली. फादर तिला नेचर ट्रेल म्हणायचे. घाटकोपरच्या द्रौपदीआत्याने ते फोनवर ऐकून विचारलं होतं, "चर्चमध्ये ट्रेन कसली सोडतात?"

त्या दिवशी अण्णा दुपारी जेवायला आले ते मातीने माखून आणि भलतेच आनंदात. मोरीत हात धुता धुता म्हणाले, "द्रौपदीचा एक हात मोडला गं आज."

आईच्या हातातला डाव आमटीत पडला. अण्णांना पुढे काही बोलू न देता तिने फोन उचलला. "वन्सं, हात मोडला म्हणे? प्लास्टर घातलं का? अहो, कळवायचं तरी!"

"कोणाचो हात?" फोनमधून आत्याचा आवाज साऱ्या घराला ऐकू आला. आयुष्य मुंबईत गेलं तरी आवाज चढला की आत्या मालवणीवर यायची. "माझो हात धड आसा! मी भाकऱ्यो थापतंय!"

मोरीतून खदखदून हसू आलं. आईने खूप विचारलं, पण अण्णा डोळे पुसत एवढंच म्हणाले, "कळेल, कळेल सगळ्यांना."

सोमवारी सकाळी ते चहाचा कप घेऊन गॅलरीत बसले, ते पुन्हा उठलेच नाहीत.

* * *

जानेवारीतल्या एका दुपारी सगळं घर चर्चच्या मागच्या फाटकाशी उभं होतं. नाताळचे कागदी कंदील अजून फांद्यांना लटकत होते. फाटकावर नवीकोरी पाटी होती, "निसर्गाची वाट", आणि खाली कुणीतरी खडूने ठसठशीत लिहून ठेवलं होतं, "लागली".

"मी सांगितलं होतं अण्णांना," सुयोग म्हणाला. जान्हवीचा हा धाकटा भाऊ बोरिवलीहून बायकोला, अपूर्वाला, घेऊन आला होता. "असं नाव दिलंत तर पोरं पुढे हेच लिहिणार. तर म्हणाले, लिहू देत रे, खोटं थोडंच आहे!"

फादर मॅक्सी रुमालाने खडू पुसत होते. पुसता पुसता हसत होते, त्यामुळे तो नीट पुसला जात नव्हता.

"वर्ष झालं नाही अजून, आणि उद्घाटनं कसली करताय?" आत्या म्हणाली. घाटकोपरहून ती सगळ्यांच्या आधी येऊन बसली होती, ही गोष्ट वेगळी.

"द्रौपदीबाई, चंद्रप्रकाशने स्वतः तारीख ठरवली होती," फादर म्हणाले. "शाळेची मुलं येतायत. त्यांना फिरवून झाडं दाखवणार होता. पाट्यासुद्धा त्यानेच सांगून ठेवल्या होत्या. मी पण बघितल्या नाहीत. सरप्राइज म्हणाला."

प्रत्येक झाडापुढे एकेक पाटी खाकी कागदात गुंडाळून उभी होती. ज्याने त्या रंगवल्या तो केतन पेंटर, मरोळ नाक्यावर दुकानांच्या पाट्या रंगवणारा पन्नाशीचा माणूस, ब्रश आणि डबा घेऊन बाजूला उभा होता. कुठे टचिंग लागलं तर असावं म्हणून.

"आपण आधी घरच्यांनी बघून घेऊ," मधुकरकाका घड्याळाकडे बघत म्हणाले. अण्णांचे हे धाकटे भाऊ मुलुंडला बँकेत मॅनेजर होते आणि निवृत्तीनंतरही प्रत्येक ठिकाणी मॅनेजरच असत. "वहिनी, तुम्ही काढा पहिला कागद."

"नको," आई म्हणाली. महिनाभर ती अशीच एका शब्दात बोलत होती. "वन्सं काढतील."

आत्याने पदर खोचला, कागद फाडला आणि चष्मा नसल्याने अक्षरं लागावीत म्हणून दोन पावलं मागे सरकली. मोठ्या पिवळ्या अक्षरांत लिहिलं होतं:

द्रौपदी.

"अगो बाय!" आत्या लाजली. "माझं नाव दिलं झाडाला! माझा भाऊच तसा." खालची बारीक अक्षरं तिने मोठ्याने, एकेक शब्द लावून वाचली. "शेवगा. दिसायला... उंच. लाकूड ठिसूळ. जरा वारा आला की... फांदी मोडते. खाली उभे राहू नये."

सगळ्यांच्या माना वर, फांद्यांकडे गेल्या.

"म्हणजे तो हात..." आई म्हणाली.

"तो हात हा होता!" सुयोग किंचाळला. शेवग्याची एक जाड फांदी खरोखरच बुंध्यापासून मोडली होती आणि त्या जागी चुना लावलेला होता. आईच्या तोंडून कसलासा आवाज निघाला. जान्हवी घाबरून वळली, तर आई पदर तोंडावर दाबून हसत होती. महिन्याभरात पहिल्यांदा.

"हसतेस काय विमलावहिनी! माझो भाव माका शेवगो करून गेलो! काय लिवलंस रे मेल्या?" आत्या केतनवर धावून गेली.

केतनने डबा पुढे धरला, ढाल धरावी तसा. "मावशी, आपण डोकं नाय लावत. आपण ऐकतो आणि लिवतो. त्या रविवारी काकांनी मला इथं फिरवलं. मी बोललो, मोठ्या अक्षरात काय घ्यायचं? ते बोलले, नाव घे. बारीक अक्षरात? माहिती घे. मग एकेका झाडाजवळ जाऊन हात ठेवायचे आणि बोलायचे, ही द्रौपदी, शेवगा. हा मधुकर..."

"कोण मधुकर?" काकांनी घड्याळावरची नजर उचलली.

त्यानंतर कुणालाच धीर निघाला नाही. काका वयाच्या मानाने भलत्याच वेगाने पायवाटेवरून निघाले, मागून सुयोग, त्याच्या मागून अपूर्वा सँडल हातात घेऊन. कागद टराटरा फाटू लागले.

"मधुकर," सुयोगने वाचलं. "विलायती शिरीष. पसारा मोठा, सावली मोठी, मुळं उथळ. ढग आले की पानं मिटून झोपतो."

"मी झोपतो?" काका म्हणाले.

"माझ्या बारशाला झोपला होतात, असं आई सांगते," सुयोग म्हणाला.

"फार हसू नकोस. तुझी कुठली ते बघ."

सुयोगची पुढचीच निघाली. त्याने वाचली आणि गप्प झाला, म्हणून काकांनी मॅनेजरी आवाजात सगळ्यांसाठी वाचली. "सुयोग. सुबाभूळ. कुठेही टाका, झपाट्याने वाढतो. उपयोग अजून शोधत आहोत."

अपूर्वा विटांवरच बसली. हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "ताई, मी याची फ्रेम करणार! हॉलमध्ये लावणार!"

"तू गप गं," सुयोग म्हणाला. "काका, मला काय वाटतं, हे जरा पर्सनल होतंय. मुलं येतायत, त्यांचे आईबाप येतायत. पुसलेलं बरं."

"मी तेच म्हणतोय," काका म्हणाले.

"आणि मी मघापासून काय बोलतेय?" आत्या त्यांना येऊन मिळाली. गेल्या गणपतीत मोदकांच्या सारणावरून या तिघांचं एकमेकांशी बोलणं बंद झालं होतं. आता तिघं खांद्याला खांदा लावून उभे राहिले. "पेंटर, काळा रंग आहे ना? घे फासायला!"

केतनने फादरकडे पाहिलं, फादरनी आकाशाकडे. "घरचा मामला आहे," फादर म्हणाले. "नावं तुमची आहेत. मी बोलणार नाही. पण काय ते मुलं यायच्या आत करा."

जान्हवी मागे, फाटकाजवळच उभी होती. या वाटेवर तिचं अजून दुसरं पाऊलही पडलं नव्हतं. तिला एवढंच दिसत होतं की केतन डब्याचं झाकण स्क्रूड्रायव्हरने उचकटतोय, आणि झाकणाखाली काळा रंग आहे, आणि त्या रंगाखाली थोड्या वेळाने अण्णांचं बोलणं जाणार आहे. फोटोत ते बोलत नव्हते. घरात त्यांच्या टोप्या होत्या, चपला होत्या, पण बोलणं असं उरलेलं एवढंच होतं, त्यातल्या खोडीसकट. आणि तिने तर ते अजून वाचलंही नव्हतं.

"थांबा," ती म्हणाली. पण तिचा आवाज नेहमीचाच, वाचनालयातला. कुणालाच ऐकू गेला नाही.

एवढ्यात अपूर्वा ओरडली, "अय्या, माझी!" आणि तिच्या सासरच्या सगळ्या माणसांच्या माना वळल्या. अपूर्वा अकोल्याची. लग्न होऊन सहा वर्षं झाली तरी आत्या तिच्या हातची आमटी अजून "तुमच्याकडची" म्हणून वाढून घेत असे. अपूर्वाने पाटी वाचली आणि तिचा आवाज मध्येच चिरका झाला. "सोनमोहर. मूळ बाहेरचा. आता इथलाच. याच्याशिवाय अंगण ओकंबोकं."

"बघा, बघा!" आत्या म्हणाली. "काल आलेली सून सोनमोहर, आणि मी, पाठची बहीण, खाली उभे राहू नये!"

"आत्या, माझी नाही हं पुसायची," अपूर्वा नाक पुसत म्हणाली. "मी इथून हलणार नाही." तिने दोन्ही हातांनी पाटी धरली.

सुयोग हळूच तिघांच्या फळीतून निसटला आणि बायकोच्या बाजूला जाऊन उभा राहिला. "मी काय म्हणतो, एकदम सगळ्याच नको पुसायला."

"फुटला!" काका म्हणाले.

"सुबाभूळ," आत्या म्हणाली. "भाऊ बरोबर बोलला होता."

या गडबडीत आई कधी पुढे गेली ते कुणालाच कळलं नाही. ती वळणावरच्या एका डेरेदार झाडाखाली एकटी उभी होती. पायाशी खाकी कागद पडला होता, नीट घडी घालून.

"आई?" जान्हवीने फाटकाशी पडलेली एक काडी ओलांडली आणि वाटेवर आली. मग भराभर चालत, वाटेत आत्याच्या पाटीच्या तळाशी उरलेला कागद नजरेने टिपत, आईपाशी पोचली.

विमला. बकुळ. फूल सुकलं तरी वास जात नाही.

एवढंच होतं.

"चाळीस वर्षांत," आई म्हणाली, "तोंडाने एकदाही काही बोलले नाहीत. मीठ कमी आहे, एवढं मात्र रोज. आणि आता रस्त्यावर पाटी लावून बोलतात! लोक काय म्हणतील?" तिचा चेहरा लालबुंद झाला होता. ती रडत होती की लाजत होती, की दोन्ही, ते तिचं तिलाच माहीत.

मागून आत्या आली, केतनला मनगटाला धरून. "हीसुद्धा पूस. वहिनीचं नाव असं चारचौघांत..."

"आत्या," जान्हवी म्हणाली.

या वेळी आवाज निघाला. फादरनीही मान वर केली.

"तुम्ही तुमची पाटी अर्धीच वाचलीत."

"अर्धी वाचली तेवढी पुरे झाली."

"चला माझ्याबरोबर." तिने आत्याच्या हातातून केतनचं मनगट सोडवलं आणि तिथं स्वतःचा हात दिला. दोघी मागे शेवग्यापर्यंत आल्या. कागदाची एक पट्टी पाटीच्या खालच्या कडेला तशीच चिकटून राहिली होती. जान्हवीने ती नखाने सोलली आणि वाचून दाखवलं, शाळेत पाठ म्हणावा तसं, मोठ्याने.

"पान, फूल, शेंग, सगळं देतो, स्वतःला काही ठेवत नाही. मोडला तरी फांदी मातीत खोचा, पुन्हा फुटतो. घराशेजारी एक असावाच."

आत्या शेवग्याच्या बुंध्याशी सरकली. पंचविसाव्या वर्षी नवरा गेल्यावर ती दोन पोरं घेऊन अण्णांच्या एका खोलीत राहायला आली होती. मग घाटकोपरला पोळीभाजीचे डबे करून तिने स्वतःचं घर उभं केलं. ते बोलून दाखवायची या कुटुंबात पद्धत नव्हती. तिने हात पुढे केला आणि शेवग्याची चुना लावलेली जखम चाचपली, जशी नातवाच्या कपाळाला हात लावून ताप बघते.

"पुन्हा वाच ते शेवटचं," ती म्हणाली.

जान्हवीने वाचलं.

आत्या गर्रकन वळली. "पेंटर! त्या डब्याचं झाकण लाव. कोण पुसतो माझ्या भावाचं अक्षर, बघतेच मी!"

"अक्षर माझं आहे, मावशी," केतन पुटपुटला.

"मधुकर, तू झोपतोस. सगळ्या दुनियेला माहीत आहे. लपवून काय उपयोग?"

काका एकटे पडले. त्यांनी शिरीषाकडे पाहिलं, वर पसरलेल्या त्याच्या प्रचंड छत्रीकडे, आणि टाय नसताना टाय सारखा केला. "सावली मोठी, असं लिहिलंय ना पण? ते वाक्य जरा ठळक करता येईल का?"

फादर मॅक्सींना ठसकाच लागला. सुयोगने त्यांची पाठ थोपटली. आई बकुळीखालून ओरडली, "अहो, पाणी द्या त्यांना!" आणि तिने अण्णांसाठीचा "अहो" वापरला होता हे तिच्याच लक्षात आलं, आणि मग ती पुन्हा हसायला लागली.

फाटकाबाहेर मुलांचा गलका ऐकू येऊ लागला.

"एक राहिली," केतन म्हणाला.

वाटेच्या अगदी टोकाला, कंपाउंडच्या भिंतीजवळ, जान्हवीच्या खांद्याएवढं एक रोप होतं. गडद हिरवी जाड पानं, काठीला सैलसर बांधलेलं. केतनने स्वतःच कागद उतरवला आणि पुसायच्या फडक्याने पाटी पुसली.

मोठ्या अक्षरांची जागा रिकामी होती. खाली लिहिलं होतं: सुरंगी. वेंगुर्ल्याहून मांडीवर बसवून आणली. सावकाश वाढते. फूल येईल तेव्हा येईल, घाई करू नये. आली की सगळ्या वाटेला कळेल.

"इथं नाव विसरलात?" सुयोगने विचारलं.

"विसरलो नाय." केतन जान्हवीकडे बघत होता. "काका बोलले, हिचं रिकामं ठेव. हिला न विचारता काय केलेलं आवडत नाय. आज नाय तर पुढच्या रविवारी घेऊन येतो, झाड दाखवतो, पसंत पडलं तर लिव. मी म्हटलं, नाय आली तर? तर हसले. बोलले, येईल रे. दर वेळी 'तुम्ही व्हा पुढे' म्हणते. म्हणजे मागून येणार असेलच ना?"

मधुकरकाकांनीसुद्धा घड्याळ बघितलं नाही.

जान्हवीने सुरंगीच्या एका पानाला हात लावला. पान थंड होतं आणि त्यावर धूळ होती, महिन्याभराची. तिने ओढणीच्या टोकाने ते पुसलं. मग दुसरं पुसलं.

"लिहू?" केतनने ब्रश पिवळ्या डब्यात बुडवून वर धरला होता.

"लिहा. 'न्ह' नका लिहू, 'ह्न' लिहा." मग तिला आठवलं की अण्णा कायम जान्हवीच लिहायचे, चुकीचं, शाळेच्या दाखल्यापासून. "नाही, थांबा. 'न्ह'च लिहा."

फाटक उघडलं. मुलं आत घुसली, दोन बाई "रांगेत, रांगेत" ओरडत मागून आल्या, आणि कुणीतरी पहिल्याच पाटीसमोर उभं राहून खणखणीत आवाजात विचारलं, "ही द्रौपदी कोण?"

"मी!" आत्या म्हणाली आणि मुलांना बाजूला सारत शेवग्याखाली, बरोबर जिथं उभे राहू नये असं लिहिलं होतं तिथं, जाऊन उभी राहिली.

"आता यांना फिरवणार कोण?" फादरनी विचारलं. "चंद्रप्रकाश तर..." त्यांनी वाक्य सोडून दिलं आणि सगळ्यांकडे पाहिलं. सगळ्यांनी जान्हवीकडे पाहिलं.

"तुम्ही व्हा..." सवयीने शब्द तिच्या ओठांवर आले, आणि तिथंच राहिले.

समोर वाट होती, विटा लावलेली, मध्येच जरा वाकडी. अण्णांनी दोरी न धरता नजरेने आखलेली असणार. वळणावर आई उभी होती, पदर सावरत, केसांत कधी खोचलं कुणास ठाऊक, बकुळीचं एक पान. पलीकडे झाडांमधून ऊन पडत होतं, आणि त्या उन्हात, टोपी घातलेलं कुणीतरी नेहमीसारखं चार पावलं पुढे चालतंय असं समजायला काहीच हरकत नव्हती.

जान्हवीने चपला पायात नीट सरकवल्या.

"थांबा, अण्णा," ती म्हणाली, मोठ्याने, सगळ्यांदेखत. "येते मी."